आप्पांची खुर्ची आणि व्हरांड्यातला माठ

“आप्पा, आज ऑफिसात खुर्चीवरनं किती वेळा उठला?”

हे विचारून दाखव, अशी पैज माझ्या मैत्रिणीनं, तेजस्वीनं भर वर्गात लावली होती. माझे आप्पा एका सूतगिरणीत हेडक्लार्क. त्यांना काही विचारायचं तर आमची अव्वा, म्हणजे आईसुद्धा आधी पदर सारखा करते. पण वक्तृत्वात जिल्ह्याची ढाल आणल्यापासनं मी कुणाला भीतच नव्हते. जेवताना विचारलंच.

“दोनदा,” आप्पा म्हणाले. “साहेब आले तेव्हा, अन् साहेब गेले तेव्हा.”

मी फिसकन हसले. अव्वा हसली नाही. आदल्या वर्षी आप्पांच्या पोटरीत रक्ताची गाठ झाली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, सलग बसू नका, दर अर्ध्या तासानं उठून जरा चाला, पुन्हा गाठ झाली आणि छातीकडं सरकली तर अवघड आहे. त्यावर आप्पांनी एकच केलं. खुर्चीला नवी उशी घेतली.

मग मी डोकं चालवलं. आप्पांच्या टेबलावरचा तांब्या शिपाई गुंडूमामा भरायचे. त्यांना गाठलं. “मामा, उद्यापासनं तांब्या ठेवू नका. म्हणा, साहेबांचा हुकूम हाय, ज्यानं त्यानं व्हरांड्यातल्या माठावर जाऊन प्यायचं.”

“साहेबाच्या नावावर खोटं? माझी नोकरी घालवतीस काय गं?”

“साहेबांना विचारायला आप्पा जात न्हाईत की. तहान लागली की उठतील आपोआप.”

तेजस्वीला ऐटीत सांगितलं, बघ, आठवड्यात आप्पा पळायला लागतात का नाही.

आठव्या दिवशी आप्पांना दवाखान्यात न्यावं लागलं. पाय सुजून खांब झालेला, धड श्वास घेता येईना. पुन्हा गाठ झाली होती. पाणी कमी पडलं की रक्त घट्ट होतं, तुम्ही पाणी किती पीत होता, डॉक्टरांनी विचारलं. दाराशी उभे असलेले गुंडूमामा माझ्याकडं न बघता म्हणाले, “बाकीची माणसं उठून माठावर गेली. हेडक्लार्कसाहेब न्हाई उठलं. आठ दिस आफिसात घोटभर बी पाणी पिलं न्हाईत.”

पंधरा दिवसांनी आप्पा घरी आले. मी सगळं कबूल केलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

“तुझ्या अज्जानं इचलकरंजीत यंत्रमागापुढं तीस वर्षं उभ्यानं काढली,” ते सावकाश म्हणाले. “पायाच्या शिरा फुटल्या. जाताना म्हणाला, राजू, तू बसून खा. मी बसलोय. तुझ्यावर उभं राहायची पाळी येऊ नये म्हणून बसलोय. आता ह्या वयात भांडं घेऊन माठापुढं रांगेत उभा राहू?”

“आप्पा, डॉक्टर म्हणाले, आता तिसऱ्यांदा...”

“ऐकलंय. सोमवारी हजर होतोय.”

अव्वा भिंतीकडं तोंड करून बसली होती. आप्पांचा पाय स्टुलावर होता, अजून सुजलेला, त्यावर मी दाबलेल्या बोटाचा खड्डा तसाच राहत होता. मी उठले.

“अव्वा, तूही ऐक,” मी म्हणाले. “सोमवारपासनं शाळा सुटली की मी तुमच्या टेबलापुढं येऊन उभी राहणार, आप्पा. सगळ्या ऑफिसादेखत. तुम्ही माठापर्यंत चालत जाऊन येईपर्यंत मी बसणार न्हाई.”