आत्म्याला लग्न नसतं

शिंदखेड्याचे पाहुणे चहा पिऊन परत गेले, तशी भिकुबाईने थोरल्या रुपचंदला समोर बसवलं. धाकटा निंबा दोन वर्षांपूर्वी तापाने गेला होता. त्याची बायको बेबाबाई अजून पंचविशीचीही नव्हती, पदरात मूल नव्हतं. शिंदखेड्याच्या हिलालने तिच्याशी पाट लावायची, म्हणजे पुनर्विवाहाची, मागणी घातली होती. जातीत पाटाला मनाई नव्हती, पण घरच्या मोठ्यांनी हो म्हटल्याशिवाय विधवेचा पाट लागत नसे. सोमवारी निरोप द्यायचा होता.

"माय," रुपचंद डोळे अर्धे मिटून म्हणाला, "लग्न असते देहाचं. आत्म्याले लग्न नाही. ज्याले हे समजलं तो कुठं जात नाही नि कुठून येत नाही."

हे असलं तो हल्ली रोज घरी आणायचा. स्टेशनमास्तर असलेल्या मुलाकडे राहायला आलेले टिल्लू मास्तर संध्याकाळी मारुतीच्या देवळात तत्त्वज्ञान सांगत, आणि रुपचंद पुढच्या रांगेत बसे. भिकुबाईला त्याचं काही नव्हतं. पण बेबाबाई केळीच्या बागेत चार बायांचं काम एकटी उपसत होती, खोडाच्या बुडाशी फुटलेली जास्तीची पिलं कापण्यापासून घड उतरवण्यापर्यंत. हा आत्मा नेमका बागेच्याच बाजूला कसा कलतो, हा वास तिच्या नाकाने लगेच घेतला.

खरं म्हणजे बेबाबाई जावी असं तिलाही वाटत नव्हतं. तिच्या हातची कळण्याची भाकर दुसऱ्या कुणाला जमत नव्हती. आणि या घरात निंबाचं नाव अजून तीच एकटी घ्यायची. म्हणूनच भिकुबाईला रुपचंदच्या आत्म्याचा जास्त संशय आला. आपल्याला हवं तेच हा इतकं गोड करून कसा सांगतो?

ती थेट मास्तरांकडे गेली. खाटेवर केळीची फणी दिसली. आपल्याच बागेतली, तिने दुरूनच ओळखली.

"मास्तर, मी दुसरीपर्यंत शिकलेली. मले गोल गोल सांगू नका. सुनेले जाऊ द्यायचं का नाही?"

"ते मी कसं सांगणार, भिकुबाई?"

"मग रोज देवळात काय सांगता? का केळी संपली की सांगाल?"

मास्तर ओशाळून हसले. "एवढंच सांगू शकतो. जो नियम दुसऱ्याला लावायचा, तो आधी आपल्याला लावून पाहावा. आपल्याला सोसला तरच तो नियम."

"बस? एवढ्यासाठी ही कपाटभर पुस्तकं?"

"एवढ्यासाठीच."

"वैद्याकडं जावं नि त्यानं म्हणावं, काढा आधी मीच पिऊन पाहतो! असा वैद्य कधी पाहिला नाही बापा," असं म्हणून ती उठली. पण वाटभर तिच्या डोक्यात ते बोलणं कुसळासारखं रुतून राहिलं.

जेवताना तिने रुपचंदला गाठलं. "तुझी पहिली गेली, तर सहाव्या महिन्यात ही लताबाई आणली तू. बँड लावून. तेव्हा आत्मा कुठं गेलता? वरातीत नाचत होता?"

चुलीपुढे लताबाईने तोंडात पदर कोंबला.

"तेव्हा मले ज्ञान नव्हतं, माय."

"आता हाये ना? मग पाठव हिले माहेरी."

रुपचंदने भाकर मागितली.

जिंकल्याचं सुख तिला रात्रभरही पुरलं नाही. नियम आता तिच्याकडे वळला होता. तीही तरुणपणीच विधवा झाली होती. तिचा भाऊ पाटाचं बोलायला आला, तर सासऱ्याने त्याला ओट्यावरूनच परतवून लावलं. इतकी वर्षं ती हे मोठ्या ताठ्याने सांगत आली होती. तिला मात्र कुणी विचारलंच नव्हतं.

सकाळी ती बागेत गेली. बेबाबाई वाकून पिलं कापत होती. "तुले जायचंय का शिंदखेड्याले?" तिने असं दरडावून विचारलं की कुणीही नाहीच म्हटलं असतं.

बेबाबाईचा हात थांबला. "तुम्ही रागवाल, आत्याबाई."

"रागवीन. तू सांग."

"जायचंय."

भिकुबाईने तोंड फिरवलं. "पील बुडापासून काप. वरवर नको," म्हणाली आणि निघून आली.

सोमवारी होकाराचा निरोप गेला. पाट शिंदखेड्याला लागायचा होता. पाटाला निघालेली बाई अंधार पडल्यावर मागच्या दाराने जाते, सवाष्णी तिचं तोंड पाहत नाहीत, ही रीत. रुपचंदने गाडी परसात उभी केली आणि दिवस मावळायची वाट पाहत बसला.

"लताबाई कोण्या दारानं आली होती रे?" भिकुबाईने विचारलं.

"माय, ती गोष्ट वेगळी..."

"काय वेगळी? सांग. तुझ्या मास्तरलेही बोलाव."

रुपचंदने उठून गाडी वळवली. भर उन्हात गाडी पुढच्या दाराशी आली. शेजारच्या शेवंताबाईने धाडकन दार लावलं.

"शेवंते, फटीतून मान दुखेल तुझी!" भिकुबाई ओरडली.

बेबाबाई पाया पडली आणि तिला उठताच येईना. ती हमसून रडायला लागली. आपण केलं ते बरोबर की चूक, हे भिकुबाईला त्या घडीलाही कळत नव्हतं. तिने सुनेला दंडाला धरून गाडीत चढवलं, मग लुगडं सावरून स्वतःच वर चढली आणि तिच्याशेजारी बसली.

"माय, तू कुठं निघाली?"

"टेसनापर्यंत. हाक गाडी. नि बाजारातून घे, मागच्या गल्लीनं नको."