शेवट सांगायचा नाही

पुस्तकांची गाडी एका शनिवारआड सकाळच्या फेरीबोटीतून बेटावर यायची. मिनोबेबाई ती स्वतः चालवायच्या आणि धक्क्यालगत, संत्र्यांच्या गोदामासमोर उभी करायच्या. म्हाताऱ्याकोताऱ्यांची बागकामाची आणि दुखण्याखुपण्याची पुस्तकं पुढच्या फळीवर. मागच्या फळ्या शाळेतल्या पोरांच्या. तिथे ड्रॅगन, शापित राज्यं, नाहीतर माणसांनीच वाटोळं केलेली उद्याची शहरं. त्या फळ्यांपाशी कोणी घुटमळलं की 'तुला काय आवडतं?' असलं बाई कधी विचारायच्या नाहीत. त्यांचा प्रश्न ठरलेला.

"तुला सध्या राग कशाचा येतो?"

उत्तर ऐकून त्या ज्या पुस्तकावर हात ठेवायच्या ते सहसा चुकायचं नाही. आता, त्या वयात राग कशाचा येत नाही म्हणा.

कोनात्सु आणि तिची थोरली बहीण सुमिरे या गाडीवरच वाढल्या. पुस्तक आधी ताई वाचणार आणि मग संत्र्यांच्या मळ्यातल्या दगडी बांधावर बसून धाकटीला सांगणार, हा रिवाज. सांगायचीही अशी रंगवून, की आई खालून हाका मारून थकायची. पण शेवटचं प्रकरण आलं की ताईसाहेब गप्प. कोनात्सुने पाय धरले, रुसली, हाताला चावली, तरी नाही म्हणजे नाही. शेवट सांगायचा नसतो, ज्याने त्याने वाचायचा असतो, एवढं बोलून ताई पुस्तक तिच्या मांडीवर टाकायची आणि संत्रं सोलायला घ्यायची.

बेटावर पुढची शाळा नाही. पंधरावं सरलं की पोरं पाण्यापलीकडे ओनोमिची शहरात राहायला जातात. तशी सुमिरेही गेली. निघताना रिवाजाप्रमाणे रंगीत कागदी फिती झाल्या, एक टोक बोटीवरच्याच्या हातात, दुसरं धक्क्यावरच्याच्या. पिवळी फीत तुटली तरी कोनात्सुने आपलं टोक सोडलं नाही, घरी नेऊन उशीखाली ठेवलं. ताई ओरडून सांगत होती, दर रविवारी येतेच की, रडतेस काय वेडे.

सुरुवातीला आली दोनदा. मग शाळेच्या बँडमध्ये हॉर्न वाजवायला लागली आणि संपलंच सगळं. त्यांच्या बँडला रविवार नाही, सणवार नाही. ओबोनच्या सणाला पितर घरी आले, ही आली नाही. नव्या वर्षाला एक रात्र आली ती झोपूनच गेली. फोनवर नुसतं "हं", "बरं", "बघते". कोनात्सुला ताईची इतकी आठवण यायची की तिचा राग यायचा, आणि राग आला की आठवण आणखी यायची.

त्यातच 'विसरभिंत'चा तिसरा भाग आला. पहिले दोन भाग दोघींनी बांधावर बसूनच संपवले होते. त्यातल्या गावाचा कायदा असा, की पंधरा वर्षांचं झालं की भिंतीच्या दारातून पलीकडे जायचं, आणि पलीकडे पाऊल पडलं की मागची माणसं विसरायची. थोरली बहीण जाते, धाकटी तिला शोधायला निघते. ती सापडते का, ते या तिसऱ्यात. कोनात्सुने तो जेवणाचं भान न ठेवता वाचला आणि लगेच ताईला फोन लावला.

"अगं, मला कुठला वेळ," सुमिरे म्हणाली. "शेवटी काय होतं तेवढं सांगून टाक ना."

हे ताई बोलली. चावे खाऊनही शेवट न सांगणारी ताई. कोनात्सुच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हवं असेल तर घरी ये, पुस्तक देते, नाहीतर बस तशीच, असं सुनावून तिने फोन ठेवला. त्यानंतर दर खेपेला ती ते पुस्तक गाडीवर न्यायची आणि मुदत वाढवून परत आणायची. दुसरं कोणी ते मागत नव्हतं, त्यामुळे बाई मुकाट्याने वाढवून द्यायच्या. ताईने आणखी एकदा शेवट विचारला, एकदा नुसतंच "ते पुस्तक वाचायचंय गं" म्हणाली, आणि मग विचारायचंच सोडून दिलं. हे मात्र फार लागलं. तिला ओढून आणायला कोनात्सुपाशी तेवढीच एक दोरी होती.

शरदात ओनोमिचीच्या वाचनालयात शाळकरी पोरांची 'पुस्तकांची झुंज' होती. बाईंनी कोनात्सुचं नाव परस्पर देऊन टाकलं. झुंजीचे नियम सगळ्यांना पाठ असतात. हातात कागद न घेता पाच मिनिटं आपल्या पुस्तकाबद्दल बोलायचं, मग लोक प्रश्न विचारणार, आणि शेवटी हात वर करून मतं. मत बोलणाऱ्याला नाही, जे पुस्तक वाचावंसं वाटलं त्याला. म्हणून शेवट कोणी सांगत नाही. कोणी विचारलाच तर हसून म्हणायचं, वाचा आणि बघा. सभागृहही हसतं. कोनात्सुने तेही आरशापुढे घोटून ठेवलं होतं. ताईला फोनवर कळवलं, तर उत्तर आलं, "बघते." बघते म्हणजे नाही, हे तिला आता कळत होतं.

झुंजीच्या दिवशी कोनात्सुचं बोलणं निम्म्यावर आलं तेव्हा मागचं दार उघडलं. सुमिरे आत आली, हॉर्नची भलीमोठी पेटी सांभाळत शेवटच्या खुर्चीच्या कडेवर टेकली. नजर घड्याळाकडे. कोनात्सुची जीभ अडखळली, पण तिने वेळ निभावून नेली. प्रश्नांची वेळ आली आणि पहिला हात वर झाला तो ताईचा.

"शेवटी तिला बहीण सापडते का?"

सभागृहात खसखस पिकली. सगळे ठरलेल्या उत्तराची वाट बघू लागले. कोनात्सुने तोंड उघडलंही. पण ताई हसत नव्हती. बांधावर बसून कोनात्सु जशी ताईच्या तोंडाकडे बघायची, तशी ती आता बघत होती. ओढून आणायचं काही नव्हतं, ती आलीच होती.

"सापडते," कोनात्सु म्हणाली. "पण ओळखत नाही. शेवटपर्यंत ओळखत नाही."

"मग धाकटी परत जाते?"

"नाही. शेजारीच घर घेते. रोज सकाळी दार वाजवते आणि आपलं नाव सांगते. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगते."

कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेत बसलेल्या तिच्या शाळेतल्या मास्तरांनी कपाळाला हात लावला. मतदान झालं तेव्हा कोनात्सुच्या पुस्तकाला एकही हात वर आला नाही. तिने मागे पाहिलं तर शेवटची खुर्ची रिकामी. बँडची दोनची तालीम असणार. ती तिथेच, सगळ्यांदेखत रडली.

झुंजीतली पुस्तकं बाहेर टेबलावर मांडलेली होती, वाटलं तर लगेच न्यावीत म्हणून. 'विसरभिंत' त्यात नव्हतं.

"तुझी ताई घेऊन गेली," मिनोबेबाई म्हणाल्या.

"शेवट कळल्यावर कशाला?"

"मीही तेच विचारलं. म्हणाली, शेवट ऐकला, आता धाकटी तिथवर कशी पोचली ते बघते." बाईंनी टेबलावरची उरलेली पुस्तकं खोक्यात भरायला घेतली. "आणि मी सांगितलंय तिला, गाडीचं पुस्तक गाडीतच परत करायचं. गाडी बेटावर थांबते."

खरं तर ते पुस्तक कुठल्याही वाचनालयात परत देता येतं. हे बाईंना ठाऊक होतं, ताईलाही ठाऊक असणार.

गाडीच्या शनिवारी ती सकाळपासून धक्क्यावर होती. आईने सुकवलेल्या माशांची पुडी दिली होती, आली तर दे म्हणून. आली तर, असंच म्हणाली आई. बोट लागली, उतरायची फळी पडली, गाडी खाली उतरली. बाईंच्या शेजारी सुमिरे बसलेली, मांडीवर हॉर्नची पेटी आणि पेटीवर पुस्तक. तिने पुस्तक बाईंच्या हातात दिलं आणि खाली उतरली. याच बोटीने परत जायचंय, दुपारी तालीम आहे, हे तिने आधीच सांगून टाकलं.

"आता काय वाचू?" सुमिरेने विचारलं. "तूच सांग."

आजवर हे धाकटीने विचारायचं आणि थोरलीने सांगायचं, असं होतं. कोनात्सु गोंधळली. बाईंकडे पाहिलं तर त्या मुद्दाम पुढची फळी आवरत होत्या. मग तिला तो प्रश्न आठवला.

"ताई, तुला सध्या राग कशाचा येतो?"

सुमिरे हसायला गेली आणि तिला हसता आलं नाही. तिने वर मळ्याकडे पाहिलं, दगडी बांधाकडे पाहिलं.

"मला घरची आठवण येईनाशी झालीय," ती म्हणाली. "त्याचा."

असं कसं, हे कोनात्सुच्या अगदी ओठावर आलं होतं. पण बाई असल्या वेळी वाद घालत नाहीत, समजूतही काढत नाहीत. तिने माशांची पुडी ताईच्या हातात ठेवली, गाडीत चढली आणि मागच्या फळ्यांपुढे जाऊन उभी राहिली. एक पुस्तक काढलं, परत ठेवलं. दुसरं काढलं. बोटीचा पहिला भोंगा झाला. बाहेर ताई उभी होती, आणि कोनात्सु एकेक पुस्तक काढून बघत होती.