शीतगृहातला सात नंबरचा फोन

मित्रांनो, मी एक जुना बिनतारी फोन आहे. जपानमधल्या याइझू बंदरातल्या एका मासळीच्या कारखान्यात, कपाटाच्या खणात पडून असतो. माझी कहाणी गोड नाही, हे आधीच सांगतो.

आम्ही वीस भावंडं एकाच खोक्यातून इथे आलो. तारेचे फोन काढून आम्हांला बसवायचं ठरलं होतं. मालक साकामाकींनी आठवडाभर आधीच एकेकाला गाठून होकार घेतला होता, त्यामुळे सभेत सगळ्यांनी नुसता चहा प्यायला.

बसवायला हिराबायाशी नावाचे साठीचे गृहस्थ आले. आमचा आवाज पोचवणाऱ्या पांढऱ्या डब्या त्यांनी छताला जागोजागी ठोकल्या. शेवटची चाचणी शीतगृहाची होती. आत उणे पन्नास अंश थंडी, कुपा माशांच्या राशी आणि पोलादी भिंती. मला घेऊन ते आत गेले आणि दार लागलं. कचेरीत त्सुचिदाबाईंनी फोन उचलला. एकतीस वर्षं कारखान्याचे फोन त्याच घेत होत्या. शेजारी मालक उभे होते.

“ऐकू येतंय का?” हिराबायाशींनी विचारलं.

बाईंना फक्त खरखर ऐकू आली. पण मालकांदेखत पाहुण्याची लाज कशी काढायची? त्यांनी रिसीव्हर कानाला लावूनच कमरेत वाकून नमस्कार केला. “हो हो, अगदी स्वच्छ! फार कष्ट घेतलेत तुम्ही.”

हिराबायाशींनाही खरखरच ऐकू आली. बाईंना पुन्हा कशाला विचारा, म्हणून तेही म्हणाले, “वा, झकास!”

आत एक डबी लावली असती तरी भागलं असतं. त्याच दुपारी आतला तारेचा फोन मात्र उपटून काढला.

मी शीतगृहात काम करणाऱ्या नागुमोच्या वाट्याला आलो. रोज चार वाजता तो आतून माशांचा आकडा कळवायचा. एकदा बाहेर येऊन हसत म्हणाला, “बाई, आत हा नुसता खोकतो हं!”

“गप रे. मालकांनी हौसेने बसवलंय. तू आकडा कागदावर आणून देत जा.”

“देतो की. मी कशाला वाईट होऊ?” तरी मालकांना दिसावं म्हणून चारचा फोन तो करतच राहिला, आणि बाई खरखरीलाच ‘हो हो’ म्हणत राहिल्या.

माघात एके दिवशी, बरोबर चार वाजता, दाराची आतली कडी मोडली. नागुमोने मला तोंडाशी धरलं. “बाई, दार उघडत नाहीये! कुणाला तरी पाठवा!”

“हो हो, कळलं,” बाई सवयीने म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आकड्याचा कागद आला नाही म्हणून शोधाशोध झाली, आणि त्याला पाऊण तासाने बाहेर काढलं. उजव्या हाताची चार बोटं गेली. मालक फळांची करंडी घेऊन दवाखान्यात आले, तर नागुमोच खाटेवर वाकून म्हणाला, “माझ्यामुळे सगळ्यांना त्रास झाला. माफ करा.” बाईंनी नोकरी सोडली. जाताना कुणाच्या नजरेला नजर दिली नाही.

चौकशीच्या कागदावर कारण लिहिलं: सात नंबरचा फोन सदोष. मी कधीच बिघडलो नव्हतो, मित्रांनो! तरी त्या कागदावर सगळ्यांनी सहीऐवजी आपापल्या नावाचे शिक्के मारले. नागुमोनेही मारला, डाव्या हाताने.

मला रोज मऊ फडक्याने पुसत, वेळेवर चार्जिंगला लावत. तेवढ्या काळजीने काय होतं? ऐकू येत नसेल तर येत नाही म्हणा. समोरच्याला वाईट वाटेल, वाटू द्या. ते चार दिवसांत विसरतं. बोटं परत येत नाहीत.