पारधी चार

विश्वनाथ गावंडे कोसमघाटला ठाणेदार म्हणून आला, त्या आठवड्यातच त्याने पारधी बेड्यावरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवरच्या, सातही बाप्यांना ठाण्याच्या अंगणात उकिडवं बसवलं. सावनेरच्या पलीकडचं हे लहानसं गाव. इथे चोरी झाली की बेड्यावर जायचं आणि हाती लागेल त्याला उचलायचं, ही रीत त्याच्या आधीच्या साहेबांनी घालून दिलेली होती, आणि त्याला ती मनापासून पटलेली होती. लहानपणी आजा सांगायचा, पारध्याची सावली पडली की कोंबडीसुद्धा अंडं देत नाही. पुढे वर्दी अंगावर आली तरी ते डोक्यातून गेलं नव्हतं.

"गावात काही खट्ट वाजलं, तर पहिला फोन मले आला पाहिजे," त्याने दम भरला. "नाही आला, तर समजीन का तुमच्यातलाच कोणीतरी हाय."

सातही नंबर त्याने मोबाइलमध्ये भरून घेतले. नावं लिहायचा कंटाळा आला, म्हणून पारधी एक, पारधी दोन असे आकडे टाकले.

जानेवारीतली ती सकाळ. रात्रीपासून उतरलेलं धुकं हलायला तयार नव्हतं. विश्वनाथ क्वार्टरमध्ये चहा पीत बसला होता. फोन वाजला. पारधी चार. त्याने कापला. मिनिटभरात पुन्हा वाजला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा वाजल्यावर त्याने आवाजच बंद केला आणि बायकोला म्हणाला, "सकाळी सकाळी पनवती लागली पाय." मग आरामात आंघोळीला गेला.

आठ वाजता महिला शिपाई दीपमाला दारात आली. संत्र्याच्या बागेचे मालक वामनराव ठाकरे डोकं फुटलेल्या अवस्थेत सडकेवर होते, दुधाच्या गाडीवाल्याने त्यांना नागपूरला, धंतोलीच्या दवाखान्यात नेलं, असं तिने सांगितलं.

ते निघाले तेव्हा समोरचं काही दिसत नव्हतं. दीपमाला खाली उतरून पुढे चालत होती आणि तिच्या अंगावरचा खाकी स्वेटर पाहत पाहत ड्रायव्हर जीप हाकत होता. सडकेच्या कडेला बागेचा राखणदार, बेड्यावरचा सुरजन भोसले बसला होता. त्याचा सदरा छातीपासून कमरेपर्यंत रक्ताने भिजलेला. जीप पाहून तो पळाला नाही, उठून उभा राहिला. त्याच्यापासून दहा पावलांवर वामनरावांचा पुतण्या जितेंद्र उभा होता. अंगात चांगलं जाकीट, पायात स्वच्छ बूट.

"साहेब, यानंच मारलं काकाले," जितेंद्र म्हणाला. "मी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर होतो. हा कुऱ्हाड घेऊन विहिरीवरच्या मोटारघरातून निंघताना मी माह्या डोळ्यानं पाहिला."

"मी मालकाले उचलून आणलं, साहेब," सुरजन म्हणाला. "मोटारघरापासून खांद्यावर आणलं. तुम्हाले फोन..."

त्याचं वाक्य पुरं होण्याआधी विश्वनाथची थप्पड बसली. तपास तिथेच संपला होता. अकरा वाजता दोन स्थानिक पत्रकार आले, तेव्हा त्यांच्यासमोर तो म्हणाला, "आरोपी पारधी आहे. ताब्यात आहे. गावानं निश्चिंत राहावं."

हे वाक्य अर्ध्या तासात गावभर फिरलं. तीन पानठेले बंद झाले. शाळा लवकर सुटली. चौकातल्या वडाखाली माणसं जमू लागली, पण नेहमीसारखा गलका नव्हता. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. बाजारातली रॉकेलची दोन पिंपं कोणीतरी ऑटोत चढवून नेली, आणि ती कुणी नेली हे दुकानदाराला आठवेना.

ठाण्यात सुरजनला कोठडीत बसवलं होतं. पट्ट्याचे आठ-दहा वार बसले तरी तो एकच सांगत होता. मालक मोटारघराजवळ पडले होते, श्वास चालू होता, मी फोन केला, उचलला नाही, मग मी त्यांना घेऊन निघालो.

"कोणाले केला फोन, भो?" विश्वनाथ गुरकावला.

"तुम्हाले, साहेब. तुम्हीच तं सांगितलं होतं, पहिला फोन तुम्हाले."

विश्वनाथ हसला. हसता हसता त्याला सकाळचा चहा आठवला, आणि हातातला पट्टा तसाच राहिला.

तो बाहेर आला. जितेंद्र बयाण देऊन गेला होता आणि दीपमाला ते टेबलावर नीट उतरवत होती. तिने मान वर केली. "सर, एक विचारू? जितेंद्र म्हणते, धुऱ्यावरून पाहिलं. धुरा ते मोटारघर दोनशे पावलं तरी हाय. सकाळची धुवारी आठवून पाहा सर. मी जीपच्या पुढे चार हातांवर चालून राहिली होती, तरी तुमच्या ड्रायव्हरनं मले दोनदा धडकवलं."

"तुले काय म्हणायचं हाय?"

"काही नाही सर. तुम्ही तिथंच उभे होते, त्याच धुवारीत. अन् तुम्हीच मले सांगितलं, लिहून घे म्हणून."

ती पुन्हा लिहू लागली. विश्वनाथने खिशातून मोबाइल काढला. न उचललेले फोन वेळेसकट तिथे होते. पारधी चार, सात बारा. पारधी चार, सात तेरा. पारधी चार, सात पंधरा. कुऱ्हाड घालून पळणारा माणूस ठाणेदाराला तीनदा फोन कशाला लावेल?

त्याने दवाखान्यात फोन लावला. वामनराव शुद्धीवर नव्हते. डॉक्टरांनी थकल्या आवाजात सांगितलं, "रक्त फार गेलंय. पाऊण तास आधी आणलं असतं, तर मी तुम्हाला काही आशा दिली असती."

पाऊण तास. ठाण्याची जीप क्वार्टरच्या दारात उभी होती. बागेपर्यंत सात मिनिटांचा रस्ता, धुक्यात पंधरा धरा. विश्वनाथ खुर्चीत बसून राहिला. फोनवर बोट ठेवून तीन ओळी पुसायला दोन क्षणही लागले नसते. सुरजनचा साधा बटणांचा फोन जप्तीत पडला होता, तोही हरवता आला असता. मागच्या महिन्यात वामनराव ह्याच टेबलासमोर उभे होते, हेही त्याला आठवलं. बाग विकून प्लॉट पाडायचे म्हणून पुतण्या धमक्या देतो, अशी तक्रार घेऊन आले होते. "आपली माणसं, घरातलं घरात मिटवा," असं म्हणून त्यानेच त्यांना परत पाठवलं होतं. जितेंद्र विश्वनाथच्याच जातीचा, त्याच्या चुलत सासऱ्याच्या ओळखीचा.

तेवढ्यात ड्रायव्हर धावत आला. "सर, बेड्याकडून धूर निंघून राहिला!"

दुपारी एकच्या उन्हात बेडा जळत होता. बेड्याच्या तोंडाशी शंभरेक माणसं शांत उभी होती, आणि ती शांतताच विश्वनाथला आगीपेक्षा भेसूर वाटली. तीन झोपड्या पेटल्या होत्या. चौथीच्या छपरावर एक जण पिंप उलटं करत होता. नाल्याच्या ओल्या वाळूत बायका-पोरं एकमेकांना चिकटून बसली होती. सुरजनची बायको काजल तेवढी उभी होती, दोन्ही हातांत विळे घेऊन. पुढच्या रांगेत जितेंद्र होता.

विश्वनाथ आणि दीपमाला मधे जाऊन उभे राहिले. अधिकची कुमक सावनेरहून निघाली होती, पोचायला अर्धा तास होता.

"साहेब, बाजूले व्हा," जितेंद्र म्हणाला. "तुम्हीच तं सांगितलं, आरोपी पारधी हाय."

"सांगितलं," विश्वनाथ म्हणाला. मागच्या माणसांनाही ऐकू जावं म्हणून त्याने पुन्हा मोठ्याने म्हटलं, "सांगितलं, अन् चुकीचं सांगितलं. सुरजननं मालकाले मारलं नाही. त्यानं मले सकाळी तीन वेळा फोन केला. मी उचलला नाही. काहून उचलला नाही, ते पण आयका. तो पारधी होता म्हणून."

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "आपला माणूस होऊन असं बोलता, साहेब?"

"आपला माणूस होऊन बसलो, म्हणूनच हे झालं." तो जितेंद्रकडे वळला. "जितेंद्र, धुवारीत हाताले हात दिसत नव्हता. तू धुऱ्यावरून कुऱ्हाड पाहिली कशी?"

 जितेंद्रने मागे पाहिलं. मागची माणसं थोडी सरकली होती आणि त्याच्याभोवती मोकळी जागा झाली होती. तो एकदम नाल्याकडे पळाला. वाळूत दीपमालाने त्याला गाठला. संध्याकाळपर्यंत कुऱ्हाड बागेच्या विहिरीत सापडली आणि जितेंद्रने सगळं कबूल केलं. त्याच सुमारास वामनराव गेले, शुद्धीवर न येता.

विश्वनाथने केस डायरीत सगळं लिहिलं. फोनच्या वेळा, पट्ट्याचे वार, आणि महिन्यापूर्वी न घेतलेली तक्रार. वरच्या साहेबांनी कागद वाचून विचारलं, "एवढं लिहायची गरज होती का?" तो हो म्हणाला. चार दिवसांनी निलंबनाचा आदेश आला.

बेड्यावर तो गेला तो वामनरावांच्या तेरवीनंतर, वर्दी न घालता. वामनरावांची बायको सिंधूताई त्याच्या आधीच तिथे पोचली होती. झोपड्यांच्या जळक्या बल्ल्या-वाशांच्या मधे खाटेवर ती बसली होती आणि समोर जमिनीवर सुरजन. पट्ट्याच्या माराने सुरजनला अजून नीट बसता येत नव्हतं. काजलने विश्वनाथला पाहिलं. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. तो दूर उभा राहिला.

"तू त्यायले खांद्यावर आणलं," सिंधूताई म्हणाली. "वाटेत काही बोलले काय गा ते?"

सुरजन जमिनीकडे पाहत बोलला.

"पाणी मागितलं, माय. दोनदा मागितलं. पाटात पाणी वाहून राहिलं होतं बाजूलेच. पण मी थांबलो नाही. म्हटलं, थांबलो तं वेळ जाईन." त्याने सिंधूताईकडे पाहिलं. "आता झोप नाही येत. पाजायले पाहिजे होतं मी. घोटभर तं पाजायले पाहिजे होतं."

सिंधूताईने वाकून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. विश्वनाथ माफी मागायला म्हणून आला होता. त्याने शब्दही जुळवून आणले होते. पण ते तोंडातून निघाले नाहीत, आणि त्याला मान वर करून त्या दोघांकडे पाहताही येईना.