क्रूझरचं सुतक

लेकीचं लग्न परवावर आलेलं आणि मयत नवऱ्याच्या जागी कन्यादान करायचा तो दीरच डोकं भादरून सुतकात बसला, हे काय वागणं झालं? मेलं कोण, तेच गोदूबाईला कळेना.

“माझी क्रूझर, वयनी. ती लढाऊ बोट विलायतेत मोडीत काढलीनी,” धाकू म्हणाला. “लढाईत जर्मनांच्या मागं धावली, मग गोरे सोल्जर वाहिलेन, शेवटी नुसती गोदीत उभी. तिच्या भट्टीत कोळसा टाकून आपलं घर जगलं.”

गोदूबाई चक्रावली. बोट कोणत्या गोत्रातली धरायची? पण तिचं मीठ तर सगळ्यांनीच खाल्लेलं.

“कधी मोडलीनी?”

“दोन वर्षं झाली. मला आज कळलं.”

“मग वर्षामागून कळलेल्या सुतकाला आंघोळ पुरते. उठा भावोजी, विहिरीवर चला. त्या टकलावर पागोटं बांधा नि पोरीला उजवा.”