दोरीची खाच

"सिस्टर, सरका ना बाजूला. भोक बुजवायचं शिमिट कालवून झालंय," मल्हारी गवंडी म्हणाला.

लतासिस्टर सरकल्या नाहीत. सरकारी दवाखान्यात त्यांनी हयात घालवली होती. घाई दाखवून त्यांना हलवणे डॉक्टरांनाही जमले नव्हते. चर्चच्या व्हरांड्यात, भिंतीतल्या भोकाला डोके टेकवून त्या स्टुलावर बसून राहिल्या.

१९९८ चा मे. गोऱ्या पलटणीसाठी बांधलेल्या या चर्चची शताब्दी महोत्सवासाठी डागडुजी चालली होती. त्यानिमित्त निघालेल्या पुस्तिकेत टोकदार कमानी होत्या, विलायतेहून आलेल्या रंगीत काचा होत्या, घंटेचे वजन होते आणि प्रत्येक चॅप्लेन, म्हणजे पलटणीचा पाद्री, पदव्यांसह होता. नाशिकच्या उन्हाळ्यात ही उपासना सुसह्य कोण करीत होते, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेबाहेरचा ठरला होता. कक्षेबाहेर म्हणजे व्हरांड्यात. तेथे सुरगाण्याचे झिपरू, सिस्टरांचे आजोबा, बसत आणि भोकातून आत गेलेली दोरी ओढत. आत छताचा कापडी पंखा साहेबांवर हले. पुढे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जागा तीच राहिली. देवापुढे सर्व समान होते. मध्ये फक्त भिंत होती.

समितीचे चिटणीस धनराज सर आले. "सिस्टर, त्यातून पाणी येतं, पाली येतात. आजोबांच्या नावाची संगमरवरी पाटी लावू की आत. वेदीजवळ. एवढा मान कुणाला मिळालाय?"

"पाटी नको. पाटी तुम्ही लावाल. ही खूण त्यांनी स्वतः केलीय."

"भोकाची कसली आलीय खूण?"

सिस्टरांनी डोके बाजूला घेतले. काळ्या दगडाच्या कडेला बोटभर खोल, गुळगुळीत खाच होती. मल्हारीने तिच्यात अंगठा ठेवला.

"दोरीनं? लय ओढलं म्हनायचं म्हाताऱ्यानं." त्याने घमेले उचलले. "सर, हा माल पायरीला लावतो. नायतर वाळून जाईल."

"आणि पावसाळ्यात?" सरांनी विचारले.

"बोळा घालीन," सिस्टर म्हणाल्या. "दवाखान्यात जन्मभर तेच केलंय."

महोत्सवाच्या रविवारी त्यांना पहिल्या रांगेत बोलावण्यात आले. त्या भिंतीकडच्या, भोकाजवळच्या बाकावर बसल्या. ऐन प्रवचनात वीज गेली. विजेचे पंखे थांबले. समितीने पुस्तिकांनी वारा घ्यायला सुरुवात केली.

सिस्टर ताठ बसल्या होत्या. भोकातून येणारी झुळूक त्यांच्या मानेवरचे पांढरे केस हलवीत होती. बाहेर व्हरांड्यात कोणी नव्हते.