मागचा पायडलच मारत नाहीये!

मित्रांनो, मी एक जुनी जोडसायकल आहे, आणि मला बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही. परदेशच्या त्या प्रवासाला बरीच वर्षं लोटली. माझ्या हँडलाचं रबर चिकट झालं, पुढच्या दिव्यात कोळ्यानं घर केलं. तरी नुसता विषय निघाला की माझ्या चाकांच्या तारा थरथरतात. तुम्ही म्हणाल, लोखंडाला कसला आलाय धक्का? ऐका तर.

माझ्यावर दोन माणसं बसतात, एकामागे एक. पुढच्यानं हँडल वळवायचं, ब्रेक लावायचा, घंटी वाजवायची. मागच्याला यातलं काहीच नाही. त्यानं पुढच्याची पाठ बघत पायडल मारायचं. दोघांची पायडलं डावीकडच्या एका लांब चेननं एकमेकांना जोडलेली असतात. एकाचे पाय फिरले की दुसऱ्याचे फिरणारच, मग तो जोर लावो अगर न लावो. एवढं ध्यानात ठेवा, कारण माझं सगळं दुःख त्या डाव्या चेनीत आहे.

मला गेर्बेननं बनवलं, फ्रीसलँड नावाच्या समुद्राकाठच्या प्रांतात, आमच्या गावात, कालव्याकाठच्या त्याच्या दुकानात. गडद हिरवा रंग दिला आणि मडगार्डवर पांढरी रेघ ओढली. आमच्याकडची जमीन पोळपाटासारखी सपाट. गावातला सगळ्यात मोठा चढ म्हणजे कालव्यावरच्या पुलाचा. जग सगळीकडे असंच असणार, अशी माझी भाबडी समजूत होती.

गेर्बेननं मला रेन्स्के आणि डाउवे या नवरा-बायकोसाठी बनवलं. दोघंही नुकतीच निवृत्त झाली होती. रेन्स्के मुलांना पोहायला शिकवायची. आमच्याकडे पाणी अगदी दारात, म्हणून प्रत्येक पोराला कपड्या-बुटांसकट पोहून दाखवावं लागतं. हातात लांब काठी घेऊन ती तलावाच्या कडेनं चालायची आणि गरजायची, "पाय! पाय मारा! हातांचं नंतर बघू!" निम्मं गाव तिनंच पाण्यात ढकललेलं होतं. टक्कल पडलेले बाप्येसुद्धा रस्त्यात ती दिसली की ताठ उभे राहत.

डाउवे पुलावर कामाला होता. बोट आली की पूल उचलायचा, गेली की खाली ठेवायचा. गळाच्या काठीला एक लाकडी बूट बांधून तो बोटीवर सोडायचा आणि बोटवाला त्यात पुलाचे पैसे टाकायचा. मधल्या वेळात कॉफी. "डाउवे जन्मभर गळ टाकून बसला," ही गावाची आवडती थट्टा होती. डाउवे त्यावर काही बोलत नसे. तो मुळातच कशावर फारसं बोलत नसे.

तेव्हा पुढे कोण आणि मागे कोण, हा प्रश्नच नव्हता. पहिल्याच दिवशी आम्ही फाटकाबाहेर पडलो, तर शेजारचा ईपे कुंपण कापत उभा. त्यानं कात्री उंच केली आणि ओरडला, "ए रेन्स्के! मागचा पायडलच मारत नाहीये!"

मी हबकलेच. कारण डाउवे मारत होता, चांगलं दणकून मारत होता! पुढच्या वळणावर पाववाली तेच ओरडली. कालव्यातून बोटवाला तेच ओरडला. जोडसायकल दिसली की हे वाक्य म्हटल्याशिवाय माणसाला राहवत नाही, आणि ते आपल्यालाच पहिल्यांदा सुचलं असं प्रत्येकाला वाटतं, हे मला हळूहळू कळलं. रेन्स्के मान मागे टाकून हसायची आणि उत्तर द्यायची, "मला संशय होताच!" डाउवे पायडल मारत राहायचा.

रेन्स्केची एकच इच्छा होती. "डाउवे, सगळा जन्म समुद्रापेक्षा खालच्या जमिनीवर काढला. मला एकदा खऱ्या डोंगरावरून खाली यायचंय. पाय न हलवता."

"त्यासाठी आधी वर जावं लागतं," डाउवे म्हणाला.

"ते बघू नंतर."

मग अख्खा हिवाळा आम्ही पुलावर डोंगराचा सराव केला. हसू नका. वर, खाली, पुन्हा वर. ईपे खिडकीतून विचारायचा, "शिखर आलं का?" डाउवेनं गेर्बेनकडून मागच्या न वळणाऱ्या हँडलाला एक जादा ब्रेक बसवून घेतला, तेव्हा तर ईपेला ऊतच आला. "म्हणजे पायडल मारायचं नाही ते नाहीच, वर ब्रेकही लावून बसणार!"

वसंतात आम्ही निघालो. जर्मनी ओलांडली, मग डॅन्यूब नदीचं बोट धरून पूर्वेकडे. ते दिवस फार सुखाचे होते. चार पाय एका लयीत, डाव्या चेनीचा वरचा पदर सतारीच्या तारेसारखा ताठ. दुपारी नदीकाठच्या बाकावर पाव, चीज आणि कॉफी. कॉफीबरोबर प्रत्येकी एक बिस्कीट, की डब्याचं झाकण बंद. आमच्यात तशीच रीत आहे.

आणि मग सर्बियात मिलुंका भेटली. म्हाताऱ्या मिलुंकाच्या शेतावर आम्ही फक्त पाणी मागायला थांबलो होतो. तिनं दोघांना हाताला धरून बसवलं, भर सकाळी आलुबुखाराची दारू पाजली, भरल्या मिरच्या वाढल्या आणि रात्री राहायचं म्हणून दटावलं. रेन्स्केचा चेहरा बघण्यासारखा झाला. "डाउवे, अरे पण आपण आधी कळवलं नव्हतं!" आमच्याकडे सख्ख्या बहिणीकडेही वेळ ठरवल्याशिवाय कोणी जात नाही. रेन्स्केनं परतफेड म्हणून आपला डबा उघडून एक बिस्कीट पुढे केलं. मिलुंका बिस्किटाकडे बघत राहिली, मग डब्यात बघितलं, मग तिनं आतून परातभर करंज्यांसारखं काहीतरी आणलं आणि आमचा डबा शिगोशीग भरून टाकला. पण खरा धक्का तर मला बसला. तिनं मला उचलून आतल्या खोलीत नेलं आणि माझ्यावर भरतकामाची चादर घातली! मित्रांनो, आमच्या देशात सायकली जन्मभर पावसात भिजतात. मी रात्रभर अवघडून उभी होते.

निघताना मिलुंकानं डाउवेकडे बोट दाखवलं, गालाखाली हात घेऊन झोपल्याचं सोंग केलं आणि पोट धरधरून हसली. भाषा कळत नव्हती, पण थट्टा कळली. इथेसुद्धा तेच!

त्यानंतरच्या दिवसांत समोरून वारा होता. सपाट रस्ता, तरी मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. माझ्या डाव्या चेनीचा वरचा पदर लोंबत होता आणि खालचा ताठ झाला होता. मला वाटलं, चेन ताणली गेली असेल. मग लक्षात आलं. रेन्स्केचे पाय फिरत होते, पण त्यांत जोर नव्हता. डाउवे मागून चार पाय फिरवत होता, दोन स्वतःचे आणि दोन तिचे.

नेमका तेव्हाच एक ट्रॅक्टरवाला शेजारून गेला. त्यानं मागच्या सीटकडे बोट दाखवून खदाखदा हसून घेतलं. रेन्स्केही हसली, पण जरा उशिरा.

तिच्या पायांतली शक्ती जात होती. सकाळी उठली की ती माझी सीट घट्ट धरून उभी राहायची, कोणी बघत नाही ना याची खात्री करून. सांगणार कुठल्या तोंडानं? जिनं जन्मभर दुसऱ्यांना "पाय मारा" म्हणून दरडावलं, तिचेच पाय! आणि डाउवेला कळलंय की नाही, हे मला समजेना. तो दोन पाव जास्त खाऊ लागला. मध्येच म्हणायचा, "थांबूया जरा, मला दम लागलाय." साफ खोटं. त्याचा श्वास कसा चाललाय ते मला ठाऊक होतं. पण वाटेत भेटणारे सायकलवाले ते ऐकायचे आणि रेन्स्केला डोळा मारायचे. मला ओरडून सांगावंसं वाटे, अहो, उलटं आहे सगळं! पण माझी घंटीही पुढच्याच माणसाच्या हातात.

रुमानियात डोंगर आला. मी वर बघितलं आणि मला भोवळ यायची बाकी राहिली. रस्ता टाकून दिलेल्या दोरासारखा वर वर पडला होता. याला चढ म्हणतात? मग आमच्या पुलाला काय म्हणायचं? डाउवे चढवू लागला. चेन कुरकुरत होती, घाम माझ्या दांड्यावर टपटपत होता. आम्ही इतके हळू झालो की एका वळणावर तोलच गेला आणि तिघंही आडवी झालो.

रेन्स्के रस्त्यातच बसून राहिली. तळहात खरचटला होता. "डाउवे, मला सांगायचंय. त्या म्हातारीकडून निघाल्यापासून मी पायडल मारलेलं नाही. मारताच येत नाहीये. पाय ऐकत नाहीत माझं."

डाउवे माझी निसटलेली चेन बसवत होता. "हो," तो म्हणाला.

"हो काय?"

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"म्हातारीच्या आधीपासून. तेव्हा थोडं तरी मारत होतीस."

"आणि जो तो तुला हसत होता ते ऐकत बसलास? मूर्खा, तोंड नाही का तुला?"

डाउवेनं काळे हात विजारीला पुसले. "बोललो असतो तर तू परत फिरली असतीस. तुला खाली उतरायचंय ना? चार वळणं राहिलीत."

रेन्स्केनं त्याच्या दंडावर एक जोरात चापट मारली आणि मग त्याच दंडाला तोंड लावून रडली. मी तशीच आडवी पडून होते. चेनीची कडी अन् कडी जिला कळते त्या मला त्या माणसाच्या मनाचा पत्ता लागला नव्हता, याची मला लाज वाटली. शेवटी तिनं नाक पुसलं, मला धरून उभी राहिली आणि तलावावरच्या आवाजात म्हणाली, "बस मागे. आणि पाय मार!"

त्यानं मारले.

आणि मग उतार! मित्रांनो, मी असलं काही सोसलेलं नव्हतं. वारा माझ्या नळ्यांतून शिट्ट्या वाजवत होता, मेंढ्या सैरावैरा पळत होत्या. चारांपैकी एकही पाय हलत नव्हता. तिसऱ्या वळणावर रेन्स्केची बोटं ब्रेकवरून सुटली. बोटांतलीही शक्ती गेली होती! खाली दरी, समोर वळण. मी म्हटलं, संपलं.

"डाउवे!"

"धरलाय!"

ईपेनं हसून हसून हैराण केलेला तो मागचा ब्रेक. त्यानंच आम्हाला वळणापार नेलं. ती हँडल वळवत होती, तो ब्रेक धरत होता, आणि रेन्स्के पायथ्यापर्यंत लहान मुलीसारखी किंचाळत हसत होती.

घरी आम्ही रेल्वेनं परतलो. डॉक्टरांनी स्नायूंच्या आजाराचं नाव सांगितलं, ते मला उच्चारता येत नाही. मला परसातल्या खोपटात ठेवलं. टायर बसले, माझ्यावर पाण्याची नळी आणि रिकाम्या कुंड्या आल्या. एवढा प्रवास करून आलेल्या मला कोणी फडकंही मारेना. राग आला होता, पण रागवायचं कुणावर?

मग एका वर्षानंतर डाउवेनं मला बाहेर काढलं, हवा भरली आणि स्वतः पुढच्या सीटवर बसला. मागची सीट रिकामी. कुंपणापाशी ईपे होता. सवयच ती. तो ओरडला, "काय डाउवे, दुसरी वाटेत पडली की काय?"

बोलून गेला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. डाउवे थांबला नाही. पण गेर्बेनच्या दुकानात आम्ही पोचून थोडा वेळ होतो न होतो तोच ईपे धापा टाकत आला, हातात तेलाची बाटली. खाली बसला आणि माझ्या दोन्ही चेनींना तेल देऊ लागला. गेर्बेननं मागच्या सीटला पाठ बसवली आणि पायडलांना पाय बांधायचे पट्टे.

त्या रविवारी रेन्स्के मागे बसली. पाय पट्ट्यांत बांधले. डाउवे पुढे. गाव दारात उभं होतं, आणि कोणी काही ओरडलं नाही. पाववालीनं मान खाली घातली. बोटवाल्यानं टोपी काढली. लोक हळूच "नमस्कार, रेन्स्के" म्हणत होते, अगदी आजाऱ्याशी बोलावं तसं. मित्रांनो, दरीच्या कडेला बसला नाही एवढा धक्का मला त्या शांततेचा बसला. मागच्या सीटवर रेन्स्के लहान लहान होत चालली होती.

पुलाच्या चढावर तिनं श्वास भरून घेतला. आणि तलावावरचा तो आवाज निघाला, "काय रे, दातखीळ बसली का सगळ्यांची? दिसत नाही? मागची पायडलच मारत नाहीये!"

मग ईपेचा आवाज आला, फाटलेला, "अगं, मग निदान ब्रेक तरी लाव!"

सगळा काठ हसला. कितीतरी जण हसता हसता डोळे पुसत होते. पुलाच्या माथ्यावर डाउवेनं पाय थांबवले. त्याचे थांबले म्हणून तिचेही थांबले, आणि आम्ही तशीच खाली आलो.

आता रेन्स्के नाही. डाउवे कधीतरी खोपटात येऊन माझ्या मागच्या सीटवर हात ठेवून उभा राहतो आणि नेहमीप्रमाणे काही बोलत नाही. म्हणून तुम्हाला एकच विनवणी. वाटेत कुठे जोडसायकल दिसली, तर थट्टा करायची ती जरूर करा, कोणी ओरडलं नाही तरच वाईट वाटतं. पण आधी जवळ या आणि डावीकडची चेन कुठल्या बाजूनं ताठ आहे ते बघा. आणि आलाच आहात, तर हात काळे झाले तरी चालतील, तिला थोडं तेल द्या.